दहावीच्या सहामाहीत ६१ टक्के, पेपर लपवला, खोटी सही केली... मी कुठे चुकतेय?

नाशिकची_आई:

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबेल जरा, सांभाळून घ्या.

मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश. मिस्टर सातपूरला एमआयडीसीत शिफ्टला जातात, मी पतसंस्थेत कॅशला बसते. चौथीपर्यंत पूर्ण मराठी माध्यम होतं, पाचवीपासून सेमी. सातवीपर्यंत ८०-८२ टक्के असायचे, आठवीला ७४, नववीला ६८ आणि आता सहामाहीला ६१. बीजगणितात ४० पैकी १७ आणि भूमितीत १३. हे १३ मला त्याने सांगितलेच नाहीत, दिवाळीची साफसफाई करताना गादीखाली पेपर सापडला आणि त्याच्यावर माझी सही, म्हणजे त्याने केलेली. मी तो पेपर हातात धरून तशीच बसले किती वेळ. मग तो खेळून आला आणि मी जे बोलायला लागले ते थांबलेच नाही, तुझ्या क्लासला ४५ हजार भरले, बाबा नाईट करतात ते कोणासाठी, काकूच्या मुलीला मागच्या वर्षी ९६ पडले तिला काय वेगळं खायला घालतात, सगळं सगळं. एक थप्पडपण मारली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. तो काही बोलला नाही, फक्त म्हणाला "तुम्हाला मार्कच पाहिजेत ना" आणि आत गेला.

त्याला आता आठ दिवस झाले. जेवायला येतो, दोन घास खातो, उठतो. भाऊबीजेला काकूकडे आलाच नाही. क्लासला जातो पण तिथे काय करतो देव जाणे. मिस्टरांचं म्हणणं सायन्सच घ्यायचं, निदान ८५ तरी पाहिजेत नाहीतर चांगलं कॉलेज मिळत नाही. मला सायन्सचं एवढं नाही, पण ६१ ला काय मिळणार याची रात्री झोप लागत नाही. जानेवारीत प्रिलिम, फेब्रुवारीत बोर्ड.

चित्र फार सुंदर काढतो, इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बी ग्रेड मिळाली होती. आता लिहिताना आठवलं की त्या दिवशी आम्ही साधे पेढेपण आणले नव्हते.

अपेक्षा ठेवू नये का आईबापाने? आणि ठेवायची तर किती? खरंच मदत करायची तर कशी, मला स्वतःला दहावीचं गणित येत नाही. कोणी अनुभवाचं सांगा प्लीज.

---

साधा_माणूस_७८:

ताई पहिले मोबाईल काढून घ्या. आमच्याकडे सहा महिने बंद केला, फरक पडला.

---

निवृत्त_गणित_शिक्षक_सातारा:

ताई, एकतीस वर्षं गणित शिकवलं, बोर्डाचे पेपरही तपासले, त्यावरून सांगतो. मोबाईलचं नंतर बघा. आधी तो भूमितीचा पेपर पुन्हा हातात घ्या, पण या वेळी वरचे १३ बघायचे नाहीत. आत बघायचं.

बोर्डाचा गणिताचा पेपर कसा असतो हे बहुतेक पालकांना माहीतच नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण, प्रत्येकी दोन तास, आणि अंतर्गत २०. चाळीसपैकी पहिला प्रश्न ८ गुणांचा, त्यात चार पर्यायी प्रश्न आणि चार एकेक गुणाची छोटी उदाहरणं. दुसरा प्रश्न १२ गुणांचा, त्यात दोन कृती (चौकटी भरायच्या असतात त्या) आणि दोन-दोन गुणांची चार उदाहरणं. झाले २०. म्हणजे अर्धा पेपर हा एकेक, दोन-दोन गुणांचा, सूत्र माहीत असेल आणि दोन पायऱ्या लिहिल्या की संपला. तिसरा प्रश्न तीन-तीन गुणांचा, चौथा चार-चार गुणांचा, आणि पाचवा तीन गुणांचा जो डोकं चालवायला लावतो. ज्या मुलाला १३ पडलेत त्याला क्लासमध्ये चौथ्या-पाचव्या प्रश्नाची अवघड उदाहरणं सोडवून दाखवत असतील तर तो नुसता फळ्यावरचं उतरवून घेत असणार. त्याचा जीव पहिल्या दोन प्रश्नांत आहे.

तुम्हाला गणित येण्याची गरज नाही. त्याला शेजारी बसवा, आणि गेलेल्या प्रत्येक गुणापुढे त्यालाच पेन्सिलीने एक खूण करू द्या. येत नव्हतं, त्याला "न". येत होतं पण चुकलं, त्याला "च". सोडलं, कोरं ठेवलं, त्याला "क". तुम्ही फक्त मोजायचं. मी वर्गात हे दरवर्षी करायचो आणि दरवर्षी आईबाप आश्चर्यात पडायचे, कारण त्यांना वाटायचं पोराला काहीच येत नाही आणि निघायचं की अर्धे गुण "च" आणि "क" मध्ये आहेत. "न" चं औषध वेगळं, "च" चं वेगळं, "क" चं तर सगळ्यात वेगळं, कारण मूल प्रश्न कोरा का सोडतं याची दहा कारणं असतात आणि ती त्याच्याकडूनच कळतात.

आणि एक, टक्केवारीचा जो बागुलबुवा आहे त्याबद्दल. सहा विषयांतले सर्वात जास्त गुणांचे पाच धरून टक्केवारी निघते, त्यामुळे एक विषय कच्चा राहिला म्हणून सगळं बुडत नाही. अगदी वाईटात वाईट, दोन विषयांपर्यंत राहिले तरी एटीकेटीने अकरावीला जाता येतं आणि जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. हे त्याला सांगा. मुलांच्या डोक्यात दहावी म्हणजे कडेलोट असतो, तो तसा नाही हे कोणीतरी मोठ्या माणसाने आकडे देऊन सांगितल्याशिवाय त्यांना पटत नाही.

इंटरमिजिएटच्या बी ग्रेडचे ५ वाढीव गुण मिळतात. शाळेमार्फत बोर्डाकडे प्रस्ताव जावा लागतो, गेला आहे का ते उद्याच विचारा.

---

औसेकर:

ताई नमस्कार. सरांचं बरोबरंय पण अपेक्षाच ठेवू नका असं कोणी म्हणायला लागलं तर मला ते पटत नाही. आमचं गाव औशाजवळ, तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनचे पैसे आले की पहिले क्लासची फी जाती मग बाकीचं. मोठी पोरगी लातूरला रूमवर राहून मेडिकलच्या नीट परीक्षेचा अभ्यास करती, धाकटं नववीला. आमच्यासारख्याला अपेक्षा नाही ठेवली तर लेकरू शेतातच राहणार, आणि शेताचं काय चाललंय ते रोज बघतोय आपण. त्यामुळं मी तरी अपेक्षा ठेवतो आणि लेकरांना तोंडावर सांगतो की ठेवतो.

पण माझं चुकलं कुठं ते सांगतो, कारण तुमचं वाचून तेच आठवलं. रोज रात्री पोरीला फोन करायचो आणि पहिलं वाक्य, टेस्टला किती पडले. ७२० पैकी किती, मागच्या वेळेपेक्षा किती कमी, रूममधल्या बाकीच्या पोरींना किती. मला वाटायचं मी लक्ष ठेवतोय. दोन महिन्यांनी ती फोनच उचलंना, मेसेज करायची अभ्यास चालूय म्हणून. मग तिची आई एसटीने डबा घेऊन गेली तर पोरगी अर्धी झालेली, मेसचा डबा तसाच परत जायचा, आईच्या गळ्यात पडून इतकी रडली म्हणे. आई चार दिवस तिथंच राहिली. आल्यावर मला म्हणाली तुमचा फोन आला की तिला पोटात गोळा येतो. बापाच्या फोनने लेकराच्या पोटात गोळा, हे ऐकून मला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

आता मी विचारतो, आज काय शिकलीस ते सांग. मला त्यातलं काही कळत नाही, मी आठवी शिकलेलो. पण ती सांगती, हृदयाचे चार कप्पे, रक्त कुठून येतं कुठं जातं, अन् मी मधी मधी येड्यासारखं विचारतो की मग ते मागं का येत नाही, तर ती झडप समजून सांगती. परवा म्हणाली बाबा तुम्हाला सांगितलं की माझंच पक्कं होतंय. मार्क अजून वर खाली होतातच. पण फोन उचलती.

तुमच्या मिस्टरांना सांगा ताई, नाईट करून आलेला बाप पोराला काही शिकवू शकत नाही हे खरंय पण ऐकू शकतो.

---

डिप्लोमा_सिव्हिल_सेकंड_इयर:

काकू मी १८ वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळे पालक आहेत पण मला राहवलं नाही म्हणून लिहितेय.

मला दहावीला ६४ पडले होते. रिझल्टच्या दिवशी आईने सगळ्यांना ७४ सांगितले. मामाला, मावशीला, बिल्डिंगमधल्या काकूंना. मी शेजारी उभी होते. दुपारी मामाचा फोन आला, अभिनंदन बाळा ७४ म्हणजे फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शनच्या जवळ, आणि मला हो मामा थँक्यू म्हणावं लागलं. काकू खरं सांगते, ६४ चं मला एवढं वाईट नव्हतं वाटलं, मी गणितात नापास होईन असं धरून चालले होते आणि मला ४६ मिळाले होते, मी खूश होते सकाळी. पण त्या दहा मार्कांनी मला कळलं की आईला माझी लाज वाटते. आजपण मामा भेटला की मला ते आठवतं. आईला मी कधी बोलले नाही हे.

बाबांचं वेगळं होतं. बाबा रिक्षा चालवतात. दहावीच्या वर्षी रात्री आले की जेवून माझ्या टेबलाजवळ खाली चटई टाकून पेपर वाचत बसायचे, सकाळचाच पेपर, तोच तोच, अकरापर्यंत. एक शब्द बोलायचे नाहीत. झोप आली तर तिथेच डुलक्या काढायचे पण आत जायचे नाहीत. मी एकदा म्हटलं झोपा ना, तर म्हणाले तू जागी आहेस ना. बस एवढंच.

दहावीनंतर डिप्लोमाला तीन वर्षं, आणि पुढे करायचं तर डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला जाता येतं, म्हणजे दहावीला कमी पडले तरी रस्ता आहे हे काकांना पण सांगा. माझा सर्व्हेईंग आवडीचा विषय आहे, उन्हात चार तास उभं राहिले तरी कंटाळा येत नाही. तुमचा मुलगा ड्रॉइंग चांगलं काढतो म्हणालात म्हणून हे लिहिलं, आमच्याकडे ड्रॉइंगवाल्या मुलांना खूप फायदा होतो.

खोट्या सहीबद्दल. मी पण केली होती एकदा, सातवीत. काकू सही माणूस चोरी करायची म्हणून करत नाही, घरात तो विषय निघू नये म्हणून करतो. त्याच्या त्या पेपरवर तुम्ही तुमची खरी सही करून द्या. मला असं कोणी केलं असतं तर खूप बरं वाटलं असतं.

---

डोंबिवलीहून:

सरांच्या "क" वरून लिहितेय. प्रश्न कोरे सोडणं, लिहायला वेळ लागणं, तोंडी येतं पण कागदावर येत नाही, असं असेल तर एकदा अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. माझ्या मुलाचं नववीत कळलं, तोपर्यंत आम्ही आळशी आळशी म्हणत राहिलो. आम्ही सायन हॉस्पिटलला गेलो, तिथे याच्यासाठी वेगळं क्लिनिक आहे, चाचण्यांना बऱ्याच फेऱ्या होतात. सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डात तासाला २० मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकपण. अर्ज शाळेमार्फत जातो आणि वेळ लागतो, नाशिकला कुठे होतं ते शाळेत विचारा. तुमच्या मुलाला तेच असेल असं मी म्हणत नाहीये. सातवीपर्यंत ८२ होते म्हणजे कदाचित नसेलही. पण बघून घ्या.

दुसरं म्हणजे आठ दिवस नीट जेवत नाही, बोलत नाही हे मला मार्कांपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मुलासाठीच असं नाही, तुम्ही स्वतः पण करू शकता. मी केला होता.

---

नाशिकची_आई:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय कारण आधी करून बघायचं होतं.

१४४१६ ला मी फोन केला, त्याच रात्री, गॅलरीत जाऊन. तिकडच्या मॅडमनी बराच वेळ ऐकून घेतलं. त्यांनी सांगितलं तसं पहिले फक्त थप्पडीबद्दल सॉरी म्हटलं, पुढे "पण", "परंतु" काही जोडलं नाही. तो हं म्हणाला. दुसऱ्या दिवशी भूमितीच्या पेपरवर त्याच्या सहीखाली माझी सही केली आणि दप्तरात ठेवला. त्यावर तो काहीच बोलला नाही, पण त्या रात्री जेवताना दुसरी पोळी मागितली.

रविवारी मिस्टरांना सुट्टी होती, आम्ही तिघं बसलो. सर, तुम्ही सांगितलं तसं न, च, क. बीजगणितात २३ गेले होते. न - ५, च - ६, क - १२. बारा! आणि ते जवळजवळ सगळे शाब्दिक उदाहरणांचे. मी विचारलं का सोडले तर म्हणाला वेळ नव्हता, मग मिस्टर म्हणाले आता वेळ आहे, वाच. एक बोटीचं उदाहरण होतं. तो वाचत होता आणि अडखळत होता, आणि मग हळूच म्हणाला अपस्ट्रीम म्हणजे काय. मिस्टरांनी सांगितलं प्रवाहाच्या विरुद्ध. तर त्याने तिथल्या तिथे समीकरण मांडलं आणि सोडवलं. मग आम्ही एकेक उदाहरण मराठीत सांगत गेलो, चारपैकी तीन त्याने सोडवली. मला रडू आलं पण मी किचनमध्ये गेले.

तो पाचवीपासून इंग्रजीत गणित वाचतोय आणि पाच वर्षांत आम्हाला कोणालाच कळलं नाही की त्याला प्रश्नच कळत नाही. छोटी उदाहरणं आकड्यांवरून ओळखून करायचा. वर्गात विचारायची लाज वाटायची कारण बाकीची मुलं लहानपणापासून इंग्लिश मीडियमची आहेत. हे त्याने रविवारी सांगितलं, आणि सांगताना आमच्याकडे बघत नव्हता.

भूमिती मात्र खरंच येत नाही, २७ पैकी १६ न आहेत. त्याचं काय करायचं माहीत नाही.

मिस्टरांचं ८५ चं म्हणणं अजून तसंच आहे, पण त्या दिवसापासून त्याच्यासमोर काढलं नाही. नाईट नसेल तेव्हा रात्री उदाहरण वाचून मराठीत सांगायला बसतात. पहिल्या दिवशी कंपनीत कोणाला तरी "इन्व्हर्सली" विचारून आले होते.

बी ग्रेडचा प्रस्ताव शाळेतून गेलेला नव्हता. सर्टिफिकेटची झेरॉक्स दिली. तुम्ही लिहिलं नसतं तर राहिलंच असतं सर.

---

निवृत्त_गणित_शिक्षक_सातारा:

ताई, वाचून फार बरं वाटलं. आता हे करा. बालभारतीचं मराठी माध्यमाचं गणित भाग १ आणि भाग २ घ्या, नाहीतर ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत आहे. इंग्रजी आणि मराठी पुस्तक एकसारखं आहे, प्रॅक्टिस सेट १.१ म्हणजेच सरावसंच १.१, उदाहरणाचा क्रमांकही तोच. दोन्ही शेजारी उघडी ठेवायची. आधी इंग्रजीत वाचायचं, अडलं की मराठीत बघायचं, आणि जो शब्द अडला तो वहीच्या शेवटच्या पानावर. महिन्याभरात शंभरेक शब्द होतील, गणितात त्याहून जास्त लागत नाहीत.

भूमितीचं एकदम सगळं धरू नका. समरूपता आणि पायथागोरस आधी, मग रचना, कारण रचनेला भाषा कमी आणि हात जास्त लागतो आणि त्याचा हात चित्रकाराचा आहे. प्रमेयं रोज एक, आकृती काढून, तोंडाने सांगत. कुणाला सांगायचं ते औसेकरांनी लिहिलंच आहे.

---

नाशिकची_आई:

पुस्तकं आणली सर, दोन्ही भाग. शेवटच्या पानावर आज सत्तावीस शब्द झाले, त्यातले नऊ मिस्टरांच्या अक्षरात आहेत. डोंबिवलीच्या ताई, शाळेत बोलले, बाई म्हणाल्या त्याचं लिखाण ठीक आहे पण तरी बघून घेऊ, सोमवारी बोलावलंय. आणि डिप्लोमावाल्या बाळा, त्याने तुझं लिहिलेलं स्वतः वाचलं. सर्व्हेईंगमध्ये नक्की काय काढावं लागतं ते विचारतोय, वेळ मिळेल तेव्हा त्याला जरा सांगशील का?